शुभशकुन कानाने ऐकणारे लोक

आपल्या घरी नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तरी ‘बांगडी वाढवली’ म्हणायचं. घरातून निघताना तोंडातून ‘जातो’ निसटलं की आजी दारातूनच दुरुस्त करते, ‘येतो म्हणावं.’ नारळ फुटतोच, माणूस जातोच, पण ते तसं बोलायचं नाही. वाईट बोललं की ते कुठेतरी लागतं, हे कुणी न शिकवता आपल्या अंगात मुरलेलं असतं.

जपानी शुभशकुन समजायला हीच जाण सगळ्यांत उपयोगी पडते. आपल्यापर्यंत जपानी शकुन पोचले ते वस्तूंच्या रूपात: हात हलवणारं मांजर, लाल गरगरीत बाहुला, कागदाचे घडी घातलेले क्रौंच पक्षी. त्या वस्तू बघून मौज वाटते आणि आपण पुढे जातो. पण त्यातल्या बहुतेकांच्या मागे एखादा शब्द दडलेला असतो आणि तो ऐकू आला की वस्तू बोलायला लागते.

जपानी लग्नाच्या मेजवानीपासून सुरुवात करू. जेवणं झाली, भाषणं झाली, आता मंडळींनी उठायचं. इथे ‘समारंभ संपला’ असं कुणी म्हणत नाही, कारण नव्या संसाराच्या दारात ‘संपणं’ हा शब्दच नको. त्याऐवजी म्हणतात ‘ओहिराकी’, म्हणजे उघडणं. मेजवानी बंद होत नाही, उघडते! आपल्याकडे संध्याकाळी दुकान ‘वाढवणारा’ व्यापारी हे ऐकून मान डोलवेल. त्याच लग्नात केक ‘कापत’ नाहीत, केकला ‘सुरी लावतात’. कापणं, वेगळं होणं, परत येणं, पुन्हा पुन्हा होणं, असे सगळे शब्द त्या दिवशी टाळायचे.

दुकानदारांचंही तसंच. जपानीत ‘सुरु’ या क्रियापदाचा एक अर्थ पैसे बुडणं, जुगारात घालवणं. आता सुकवलेल्या माकुलाचं, म्हणजे स्क्विडचं, नावच ‘सुरुमे’. मग धंद्याच्या माणसांनी त्याला ‘आतारिमे’ म्हणायला सुरुवात केली, कारण ‘आतारु’ म्हणजे सोडत लागणं, नेम बसणं. नासपतीसारख्या एका फळाचं नाव ‘नाशी’, आणि ‘नाशी’ ऐकायला ‘नाही’सारखं. म्हणून त्याचं दुसरं नाव पडलं ‘आरी नो मी’, ‘असण्याचं फळ’. घरात ‘नाही’ कशाला आणायचं?

या समजुतीला जपानीत नाव आहे: कोतोदामा. ‘कोतो’ म्हणजे शब्द आणि ‘तामा’ म्हणजे आत्मा. शब्दाला जीव असतो आणि उच्चारलेलं घडू शकतं, ही कल्पना आठव्या शतकातल्या जपानी कवितेतसुद्धा सापडते.

हे जपानीतच इतकं का फोफावलं, याला भाषेच्या रचनेतलं कारण आहे. जपानीत मुळात ध्वनी मोजके. त्यात चीनमधून हजारो शब्द आले. चिनी भाषेत एकच अक्षर वेगवेगळ्या चढउतारांनी म्हटलं की अर्थ बदलतो. जपान्यांनी शब्द घेतले आणि ते चढउतार मागेच राहिले. परिणाम असा की चार, मृत्यू, कविता, शहर आणि गुरू या पाचही गोष्टींसाठीचं अक्षर ‘शि’ असं वाचता येतं. लिहिताना पाच वेगळी चित्रं, कानाला एकच आवाज. अशा भाषेत एक शब्द बोलताना शेजारचे चार शब्द आपोआप जागे होतात. त्यातला एखादा अमंगळ असला की टाळायचा आणि शुभ असला की त्याचंच पक्वान्न करून ताटात वाढायचं.

म्हणून चार हा आकडा नको. बऱ्याच रुग्णालयांत चार नंबरची खोली नसते, चार वस्तूंचा संच भेट देत नाहीत आणि मोजतानाही ‘शि’ऐवजी ‘योन’ म्हणतात. नऊ म्हणजे ‘कु’, आणि ‘कु’ म्हणजे यातना, म्हणून नऊही वर्ज्य. बेचाळीसचे आकडे सुटे वाचले तर ‘शि-नि’, त्यात मरण ऐकू येतं. पुरुषाचं बेचाळिसावं वर्ष म्हणूनच सर्वांत धोक्याचं मानतात. बायकांचं तेहेतिसावं, कारण तीन-तीन म्हणजे ‘सान-सान’, आणि ‘सानझान’ म्हणजे दैना. या वर्षांना ‘याकुदोशी’ म्हणतात. आदलं वर्ष चाहूल लागण्याचं, मधलं मुख्य, पुढचं उतरणीचं, अशी तीन वर्षं काढायची. साडेसातीच्या तीन अडीचक्यांसारखाच हिशेब.

आणि आता शुभाची बाजू, जी मला फार आवडते. ‘काएरु’ म्हणजे बेडूक आणि ‘काएरु’ म्हणजे परत येणं. म्हणून पैशाच्या पाकिटात एवढासा बेडूक ठेवायचा, गेलेला पैसा परत येईल. ‘कात्सु’ म्हणजे जिंकणं, म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री डुकराच्या मांसाचं तळलेलं कटलेट, म्हणजे ‘कात्सु’, खायचं. किटकॅट या चॉकलेटचं नाव ‘कित्तो कात्सु’, म्हणजे ‘नक्की जिंकणार’, याच्या जवळ जातं. एवढ्यावर ते परीक्षार्थींना द्यायची भेट झालं. घुबड म्हणजे ‘फुकुरो’. ते ‘कष्टांविना’ असं लिहिता येतं, त्यामुळे आपल्याकडे अपशकुनी ठरलेला हा पक्षी तिथे शोकेसमध्ये मानाने बसतो.

पाच येनचं नाणं हाती आलं तर जरा निरखून बघा. पितळेचं, पिवळसर, मधोमध भोक. भोकाभोवती यंत्राच्या चाकाचे दाते, वरून वाकलेली भाताची लोंबी, खाली पाण्याच्या आडव्या रेघा: उद्योग, शेती आणि समुद्र. एक गोष्ट मात्र दिसणार नाही, ती म्हणजे ‘5’ हा आकडा. जपानच्या चलनी नाण्यांत किंमत फक्त अक्षरांत लिहिलेलं हे एकच. पाच येन म्हणजे ‘गो-एन’. आणि ‘गोएन’ म्हणजेच ऋणानुबंध, कुणाशी तरी जुळलेला धागा, आदराने उच्चारलेला. देवळातल्या दानपेटीत लोक म्हणूनच हे नाणं टाकतात. शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवळात दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या आणि पुन्हा एक नमस्कार अशी पद्धत आहे. नाणं किरकोळ, पण मागणं केवढं: चांगली माणसं भेटू देत.

या ‘एन’ शब्दापाशी थोडं थांबावं लागेल, कारण त्याची मुळं आपल्याकडे आहेत. जपानीत शुभशकुनाला ‘एंगी’ म्हणतात. ‘एंगी चांगली आहे’ म्हणजे लक्षण शुभ आहे, आणि शकुनाची वस्तू ती ‘एंगीमोनो’. हा ‘एंगी’ शब्द चिनीतून आला, आणि चिनी भिक्खूंनी तो घडवला होता ‘प्रतीत्यसमुत्पाद’ या बौद्ध संज्ञेचं भाषांतर म्हणून. महाराष्ट्रात बुद्धधम्माचा अभ्यास करणाऱ्यांना ‘पटिच्चसमुप्पाद’ हा पाली शब्द नवा नाही. हे असेल तर ते होतं, हे नसेल तर ते होत नाही. कुठलीच गोष्ट एकटी जन्मत नाही. जपानात हा शब्द आधी ‘हे देऊळ कसं उभं राहिलं’ या उगमकथेसाठी वापरू लागले, मग कुठल्याही गोष्टीच्या सुरुवातीसाठी, आणि होता होता पुढे काय होणार याच्या चिन्हासाठी. तत्त्वज्ञानातला इतका कठीण शब्द बाजारपेठेत येऊन शकुन झाला, हे मला फार सुंदर वाटतं. दैव आकाशातून पडत नाही, ते कशा ना कशाशी जोडलेलं असतं, हा मूळ अर्थ त्यात अजून जिवंत आहे.

नववर्षाच्या ताटात ही सगळी भाषा वाढलेली असते. ‘ओसेची’ हे एक जानेवारीचं जेवण लाकडी, रोगण दिलेल्या डब्यांच्या चळतीत रचतात. त्यात ‘कोंबु’ हे समुद्री शेवाळ, कारण ‘योरोकोबु’ म्हणजे आनंद होणं. ‘ताई’ मासा, कारण ‘मेदेताई’ म्हणजे मंगल. काळे सोयाबीन म्हणजे ‘मामे’, आणि ‘मामे’ म्हणजे कामसू, धडधाकट. काही पदार्थ रूपावरून येतात: कोळंबी पाठीत वाकलेली, म्हणून पाठ वाकेपर्यंत आयुष्य, कमळाच्या कंदाला आरपार भोकं, म्हणून पुढचं दिसावं. घरात मोचीचे, म्हणजे चिकट भात कुटून केलेले, दोन गोळे एकावर एक ठेवतात आणि वर ‘दाइदाइ’ नावाचं संत्र्यासारखं आंबट फळ. ‘दाइदाइ’ म्हणजे पिढ्यानपिढ्या. शिवाय हे फळ तोडलं नाही तर वर्षानुवर्षं झाडावरच राहतं, त्यामुळे एकाच फांदीवर आजोबा, मुलगा आणि नातू एकत्र लटकलेले दिसतात.

आता तो लाल बाहुला. त्याचं नाव दारुमा, आणि ते आलं बोधिधर्मावरून. दक्षिण भारतातून चीनला गेलेला, झेन या बौद्ध ध्यानपरंपरेचा आद्य गुरू. परंपरा सांगते की तो नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून ध्यानाला बसला आणि त्याचे हातपाय झडून गेले. म्हणून बाहुल्याला हातपाय नाहीत. आत पोकळ, कागदाच्या लगद्याचा, तळाशी वजन. कुठेही ढकला, डोलतो आणि उठून बसतो. सात वेळा पडा, आठव्यांदा उठा, ही जपानी म्हण त्याच्याशी जोडली गेली आहे. जवळून पाहिलं तर भुवया क्रौंचाच्या आकाराच्या आणि दाढीमिशा कासवाच्या रेखाटलेल्या असतात. दोघेही दीर्घायुषी. लाल रंगाला देवीच्या साथीचा संदर्भ आहे. लाल रंगाला देवीचा रोग भितो, असं तिथे मानत आणि आजारी मुलांजवळ लाल वस्तू ठेवत.

डोळे मात्र कोरे, पांढरे. मनात संकल्प धरायचा आणि एक बुबुळ रंगवायचं, बाहुल्याचा डावा डोळा. मग तो एकाक्ष दारुमा महिनोन्‌महिने तुमच्याकडे बघत राहतो. काम झालं की दुसरा डोळा. निवडणूक जिंकलेले उमेदवार मोठ्या दारुमाचा डोळा रंगवताना जपानी टीव्हीवर दरवेळी दिसतात.

जपानातले सुमारे ऐंशी टक्के दारुमा गुन्मा प्रांतातल्या ताकासाकी शहरात बनतात. त्याची कथा दुष्काळातून सुरू होते. 1783 साली जवळच्या आसामा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, शेतं राखेखाली गेली. शोरिनझान दारुमाजी या देवळाच्या महंतांनी लाकडी साचा करून शेतकऱ्यांना कागदी दारुमा बनवायला शिकवलं, पोटापुरती मिळकत व्हावी म्हणून, असं तिथे सांगतात. हिवाळ्यात तिथे कोरडं, सोसाट्याचं वारं वाहतं, लगदा आणि रंग वाळायला ते फार सोयीचं. शिवाय हा मुलूख रेशमाचा. रेशीमकिडा कात टाकून उठतो त्या उठण्याला म्हणतात ‘ओकी’, आणि दारुमाच्या म्हणीतलं उठणंही ‘ओकी’च. रेशीम पिकवणाऱ्याने पडून उठणारा बाहुला घरात न ठेवला तरच नवल!

मांजराबद्दल थोडक्यात. आपल्याकडे ते फेंगशुईच्या दुकानात मिळतं, म्हणून अनेकांना चिनी वाटतं. पण ‘मानेकी-नेको’ हे एदो काळातल्या, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या, जपानचं. उजवा पंजा वर असेल तर पैसा बोलावतं, डावा असेल तर गिऱ्हाईक. पाश्चात्त्यांना ते निरोपाचा हात हलवतंय असं वाटतं, आपल्याला तसं वाटायचं कारण नाही. लांबच्या माणसाला ‘ये रे’ म्हणताना आपणही पंजा खाली वळवूनच बोटं हलवतो. टोकियोच्या सेतागाया भागात गोतोकुजी नावाचं देऊळ आहे. तिथल्या मांजराने ई नाओताका या सरदाराला पंजा हलवून आत बोलावलं आणि पाठोपाठ बाहेर वादळ आणि विजांचा कडकडाट सुरू झाला, अशी कथा. त्या देवळात लोकांनी वाहिलेली शेकडो पांढरी मांजरं ओळीने बसली आहेत, पण एकाच्याही हातात सोन्याचं नाणं नाही. देवळाचं म्हणणं असं की मांजर फक्त ‘एन’ जुळवून देतं, पुढचं ज्याचं त्याने बघायचं. पुन्हा तोच शब्द.

जपानच्या सात भाग्यदेवतांपैकी तीन आपल्या ओळखीच्या आहेत. बिशामोनतेन म्हणजे वैश्रवण, कुबेर. बेंझाइतेन म्हणजे सरस्वती, हातात वीणेऐवजी बिवा हे तंतुवाद्य. दाइकोकुतेन म्हणजे महाकाल. हा उग्र महाकाल तिथे भाताच्या पोत्यांवर उभा राहून हातोडी घेऊन गालात हसतो, जवळ उंदीर. हे झालं कसं? ‘महाकाल’चं अक्षरशः भाषांतर ‘मोठा काळा’, उच्चार ‘दाइकोकु’. जपानच्या ओकुनिनुशी या देवाच्या नावातल्या ‘मोठा देश’ या अक्षरांचाही उच्चार ‘दाइकोकु’. दोन देव आवाजावर एकत्र झाले आणि राग वितळला. सरस्वतीचंही तसंच. तिच्या नावातलं ‘झाइ’ आधी ‘प्रतिभा’ असं लिहीत, पुढे त्याच उच्चाराचं ‘संपत्ती’ हे अक्षर आलं, आणि विद्येची देवी धनाचीही झाली. कामाकुरातल्या तिच्या एका स्थानी लोक टोपलीत नाणी आणि नोटा ठेवून झऱ्याच्या पाण्यात धुतात, वाढाव्यात म्हणून. लक्ष्मी आणि सरस्वती एकत्र नांदत नाहीत म्हणतो आपण. तिथे एकीनेच दोन्ही घरं सांभाळली.

जपानी शकुनाला मुदत असते, हे फारसं कुणी सांगत नाही. देवळातून घेतलेली ‘ओमामोरी’, म्हणजे जरीच्या कापडाची छोटी ताईत-पिशवी, उघडून बघायची नाही आणि वर्षभराने देवळात परत करायची. दारुमाही वर्ष सरलं की नेऊन द्यायचा. तिथे तो कृतज्ञतेने जाळतात आणि आपण नवा घेऊन यायचा. ‘ओमिकुजी’ या चिठ्ठीत वाईट भविष्य निघालं तर तिची घडी घालून देवळातल्या तारेला बांधून यायची पद्धत आहे.

आहेराच्या पाकिटाचीही रीत आहे. आपण पाचशे एक देतो, ते तीस हजार येन देतात, दहा हजारांच्या तीन नोटा. नोटा सम असल्या तर त्यांचे दोन सारखे वाटे होतात, तसे जोडप्याचे होऊ नयेत. नोटा कोऱ्या करकरीत हव्यात. मयताच्या घरी मात्र कोऱ्या नोटा द्यायच्या नाहीत, नाहीतर जणू आधीपासून तयारी करून ठेवली होती असं दिसेल.

कॅलेंडरावर हे सगळं जास्त गंभीर होतं. सहा दिवसांचं एक चक्र, ‘रोकुयो’, जपानी कॅलेंडरवर आजही छापतात. त्यातला ‘ताइआन’ लग्नाला उत्तम. ‘तोमोबिकी’ म्हणजे मुळात ‘बरोबरीत सुटणं’, पण अक्षर बदललं आणि अर्थ झाला ‘मित्राला ओढणं’. त्या दिवशी अंत्यविधी केला तर मेलेला माणूस जवळच्याला सोबत नेईल. म्हणून कित्येक ठिकाणी स्मशानाची सुट्टी त्याच दिवशी असते. काही भागांत नाइलाजाने विधी करावा लागला तर शवपेटीत एक बाहुली ठेवतात. पंचकात मृत्यू झाला की आपण सोबत पिठाचे किंवा दर्भाचे पुतळे ठेवतो, तो हाच जीव मुठीत धरलेला विचार.

आणि एक समजूत अशी आहे जिच्याकडे मी कौतुकाने बघू शकत नाही. पाच तत्त्वांची प्रत्येकी दोन अशी दहा रूपं आणि बारा प्राणी यांच्या मेळातून साठ वर्षांचं चक्र होतं. त्यात दर साठ वर्षांनी ‘हिनोएउमा’, अग्नी-अश्वाचं वर्ष येतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याचं आयुष्य खाते, असा समज. प्रियकराला भेटण्यासाठी आग लावणाऱ्या ओशिची या मुलीला 1683 साली एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, जिवंत जाळलं गेलं. तिचा जन्म याच वर्षातला, असं सांगतात आणि समज पक्का करतात. 1965 साली जपानात सुमारे 18 लाख 24 हजार मुलं जन्मली. 1966 हे हिनोएउमा. त्या वर्षी 13 लाख 61 हजार. 1967 मध्ये पुन्हा 19 लाख 36 हजार. टोकियो ऑलिम्पिक होऊन गेलेलं, बुलेट ट्रेन धावत असलेली, आणि देशभरच्या जोडप्यांनी मूल होऊ दिलं नाही, काहींनी गर्भपात केले. मुलीच्या पत्रिकेतला मंगळ बघून स्थळ नाकारणाऱ्या घरांतून आपण आलो आहोत, त्यामुळे ही आकडेवारी परकी वाटत नाही. 2026 हे पुन्हा अग्नी-अश्वाचंच वर्ष.

जपानी माणसाला विचारलं की हे सगळं मानता का, तर बहुतेकदा उत्तर येतं, मानत नाही, पण ‘एंगी ओ कात्सुगु’. ‘कात्सुगु’ म्हणजे खांद्यावर घेणं, वाहणं. शकुनावर विश्वास ठेवण्याची भाषाच नाही, शकुन वाहण्याची आहे. बारा प्राण्यांचं चक्र दिवसांनाही लावतात, त्यातल्या कोंबड्याच्या दिवशी, नोव्हेंबरात, टोकियोच्या आसाकुसातल्या ओतोरी देवळाबाहेर हे डोळ्यांनी दिसतं. तिथे ‘कुमादे’ विकतात, म्हणजे बांबूचं दाताळं, नशीब ओढून आणण्यासाठी. त्याच्यावर सोन्याची नाणी, ताई मासा, खजिन्याचं गलबत, गोबऱ्या गालांच्या बाईचा मुखवटा, सगळं दाटीवाटीने खोचलेलं. गिऱ्हाईक घासाघीस करतं, भाव उतरतो, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे वाचलेले पैसे ते विक्रेत्यालाच खुशीने देऊन टाकतं. मग दुकानातले सगळे एका तालात टाळ्या वाजवतात. दरवर्षी आदल्या वर्षीपेक्षा थोडं मोठं दाताळं घ्यायचं. आणि घरी नेताना ते काखेत मारायचं नाही. गर्दीच्या डोक्यांवरून, दिव्यांच्या उजेडात, उंच धरून न्यायचं.